खिशातलं गिऱ्हाइकाचं

"ज्यूस सांडलाय," दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरकल्या.

ज्यूस सांडल्यावर कुणी असं मागे सरकत नाही. मी पिशवीची गाठ सोडली, त्यांच्या मुलाचा निळा कोट बाहेर काढला आणि नाक लावलं. बिअर, त्यावर आणखी काहीतरी कडक, आणि त्या सगळ्यासकट उलटून पडलेलं जेवण. वरून कुणीतरी सेंट फवारलेला. घाण झाकायला सेंट मारतात, त्याची मला घाणीपेक्षा जास्त किळस येते.

"कसला ज्यूस?"

"मिक्स," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "वाढदिवस होता हो. सोळा पूर्ण झाली. बाहेर लपूनछपून पिण्यापेक्षा घरात आमच्यासमोर घेतलेली बरी, असं ह्यांचं म्हणणं. थोडीशीच दिली होती."

"दिली थोडीशी आणि बाहेर आली एवढी?"

इस्त्रीच्या टेबलावरून माझा नवरा खाकरला. गिऱ्हाइकाशी तोंड चालवायचं नाही असा त्या खाकरण्याचा अर्थ. मी गप्प बसले आणि कोटाचे खिसे तपासले. बाटलीचं झाकण आणि अर्धवट चघळलेलं च्युइंगगम निघालं. दोन्ही कागदी पाकिटात घातलं, पाकिटावर कोटाचा नंबर लिहिला आणि बाजूला ठेवलं. धुऊन झाल्यावर ते पाकीट कोटालाच टाचून परत जायचं.

ही आमच्या लाँड्रीची रीत. खिशात काहीही निघो, पत्र निघो, गोळ्या निघोत, परक्या बाईचा रुमाल निघो, पाकिटात घालायचं, टाचायचं आणि एक शब्द न बोलता परत करायचं. नवरा म्हणतो, "खिशातलं गिऱ्हाइकाचं, डाग आपला." त्याच्या ह्या एका वाक्यावर आमचं दुकान अठरा वर्षं चाललंय. लोक आमच्याकडे येतात ते काही इस्त्रीच्या घडीसाठी नाही. आमचं तोंड बंद असतं म्हणून येतात.

गिऱ्हाइकाची पाठ वळेपर्यंत, एवढंच. बाई गेल्या आणि मी सुटले.

"हे आईबाप! आपल्या हाताने पोराच्या हातात पेला द्यायचा, आणि ओकलेलं निस्तरायला आम्ही! शिकलेली माणसं म्हणे. शी! आपल्या घरात असलं काही निघालं ना, तर मी हाताला धरून बाहेर काढीन."

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

आमची भिंगरी मागे स्टुलावर बसून टॅगांना दोरे ओवत होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आता पंधरा वर्षांची झाली आणि तासन् तास एका जागी बसते, पण नाव तेच राहिलंय. तिने मान वर न करता विचारलं, "आई, आणि त्याने एकदाच घेऊन बघितली असेल तर?"

"एकदाच? विष कुणी एकदाच खाऊन बघतं का?"

तिने पुढचा दोरा ओवला. तिला आणखी काही विचारायचं असेल, असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. माझे वडील प्यायचे. संध्याकाळी ते दारात आले की आई मला पुढे करायची. "जा गं, चपला काढून घे त्यांच्या, आणि बघ, पिऊन आलेत का." मी आठ वर्षांची. मी वाकायचे, वडील माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि मी त्यांचा श्वास हुंगून आत येऊन सांगायचे. मी "हो" म्हटलं की घरात रणकंदन. कधीकधी मी खोटं "नाही" सांगायचे, म्हणजे निदान जेवणं तरी नीट व्हावीत. मग सकाळी त्यांचा शर्ट माझ्याच हातात यायचा. आई म्हणायची, आधी हुंग, मग भिजव. हा धंदा मी तिथेच शिकले. लोक म्हणतात, बाई, तुमचं नाक म्हणजे यंत्र आहे. असेल. मला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही.

गुरुवारी घरचे कपडे मशीनला लावायचे असतात. गिऱ्हाइकांचा शेवटचा घाणा निघाला की आमचा. भिंगरी शाळेला जाताना स्वतःचं गाठोडं टेबलाखाली ठेवून जाते. त्या गुरुवारी त्यात तिचं शाळेचं जाकीट सगळ्यात वर होतं, नीट घडी घातलेलं. मळक्या कपड्याची घडी कोण घालतं? पण तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. सवयीने हात खिशात गेला. केसांची पिन लागली, आणि तिच्याखाली एक पुडी.

उघडायची गरजच नव्हती. तो वास मला ठाऊक होता. कॉलेजच्या पोरांच्या शर्टांना येतो, जळक्या दोरखंडासारखा. तरी उघडली. सुकलेला पाला, चिमूटभर. गांजा. माझ्या मुलीच्या जाकिटात, माझ्या दुकानात, माझ्या हातात.

नवरा कपडे पोचवायला गेला होता. मी पुडी मुठीत धरली आणि चार वाजेपर्यंत दाराकडे बघत बसले. राग थंड व्हायला चार तास पुष्कळ असतात म्हणे. माझा मुरला.

ती आली तेव्हा काउंटरवर डॉक्टरीणबाई कोट न्यायला उभ्या होत्या, आणि मागे एक म्हातारे गृहस्थ पँट्स घेऊन. नवरा नुकताच येऊन इस्त्रीला उभा राहिला होता. मी कुणाकडेही बघितलं नाही. भिंगरीचं मनगट धरून तिला उजेडात ओढलं.

"तोंड उघड."

"आई, काय—"

"उघड म्हणते ना! हा कर."

तिने तोंड उघडलं. मी नाक लावलं. मग केस हुंगले, बोटं हुंगली, कॉलर हुंगली. तिचं दप्तर इस्त्रीच्या टेबलावर उपडं केलं. वह्या, डबा, कंपासपेटी, बायकांना लागतं तसलं सामान, सगळं त्या म्हाताऱ्या गृहस्थांसमोर घरंगळत गेलं. पुडी तिच्या नाकासमोर धरली आणि कानाखाली वाजवली.

"ही थेरं करायला शाळेत जातेस? माझ्या बापाने पिऊन घर जाळलं, आता तू राहिली होतीस!"

तिच्या गालावर बोटं उमटली होती. ती रडली नाही. दप्तरातलं सांडलेलं एकेक उचलत राहिली. डॉक्टरीणबाईंनी कोट उचलला. त्याला पाकीट टाचलेलं होतं, नंबर घालून, व्यवस्थित. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "येते मी," म्हणाल्या, इतक्या हळू आवाजात, की जणू आमच्या घरात कुणी आजारी होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं मी जन्मभर ह्या लोकांना मनातल्या मनात म्हणत आले. मी तर आपलंच चव्हाट्यावर मांडलं होतं.

नवऱ्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. "आधी विचारायचं असतं, मग ओरडायचं," तो म्हणाला. "तू उलटं केलंस."

"पुराव्याला आणखी काय विचारायचं?"

"बाबा, राहू दे," भिंगरी म्हणाली. दप्तराची चेन लावून ती माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू प्रत्येक खिशात हात घालतेस, हे मला माहीत नाही का? सात वर्षांची असल्यापासून पाकिटांवर नंबर मीही लिहितेय."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"काल वर्गातल्या एकीने दिली. दोन झुरके घेतले मी, शाळेच्या मागे. खूप मळमळलं. उरलेलं तिने माझ्याकडेच ठेवायला दिलं आणि म्हणाली, उद्या पुन्हा ओढू. मला पुन्हा नको होतं. टाकलं असतं तर ती मागणार. काय करायचं कळत नव्हतं. तुला सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"मी तोंड उघडलं की तू ऐकत नाहीस. हुंगतेस."

म्हातारे गृहस्थ पँट्स तशाच ठेवून कधी निघून गेले, मला दिसलं नाही.

"म्हणून जाकीट वर ठेवलं," ती म्हणाली. "घडी घालून. मला वाटलं, सगळ्यांना देतेस तसं मलाही पाकिटात घालून देशील. आणि मग गिऱ्हाइकं गेली की विचारशील."

ती घरी गेली. मी पुडी मोरीत रिकामी केली, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि हात धुतले. तीनदा धुतले. बोटांचा वास गेला तरी किळस जाईना. ती पाल्याची नव्हतीच. आठ वर्षांच्या मुलीला दारात उभं करणाऱ्या आईचा मी जन्मभर राग केला, आणि तिचंच काम मी पुढे चालवलं होतं, तेही जास्त हुशारीने.

त्या मैत्रिणीशी काय बोलायचं ते नवरा आणि भिंगरी दोघांनी बसून ठरवलं. तिने पुन्हा काही घेतलं नाही, असं तो म्हणतो. त्याला ती सांगते.

शनिवारी मी तिचं जाकीट धुतलं, इस्त्री केली. केसांची पिन कागदी पाकिटात घातली, नंबराच्या जागी काय लिहावं ते सुचेना म्हणून कोरंच टाचलं, आणि घरी नेऊन तिच्या हातात दिलं. "माझं चुकलं गं," म्हणाले. हे वाक्य मी दुकानापासून घरापर्यंत घोकत आले होते.

तिने पाकीट बघितलं. "थँक्यू," म्हणाली, अगदी काउंटरपलीकडून म्हणतात तसं, आणि जाकीट कपाटात टांगलं.

पुढच्या गुरुवारी टेबलाखाली गाठोडं नव्हतं. ती आता स्वतःचे कपडे घरीच धुते, नळाखाली, हाताने. बोटं लाल होतात. मी म्हटलं, अगं, दुकानात एवढी मोठी मशीन आहे. म्हणाली, असू दे, जमतं मला. चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गॅलरीतल्या दोरीवर तिचे कपडे वाळत असतात. जाकीट, शाळेची पँट, सुट्टीतला शर्ट. प्रत्येकाचे सगळे खिसे उलटे करून बाहेर काढलेले. सुरुवातीला मला वाटलं, लवकर वाळावेत म्हणून असेल. संध्याकाळी दुकानातून आले की मी ते खिसे एकेक करून आत ढकलते, कपडे दोरीवरून काढते, घड्या घालून तिच्या पलंगावर ठेवते. पुढच्या वेळी दोरीवर खिसे पुन्हा बाहेर असतात. अठरा वर्षांत आमच्या एकाही गिऱ्हाइकाने असे कपडे आणलेले नाहीत.