डिझेलच्या टाकीतला मुलगा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पिंपांवर चढून माना उंचावत होते, कारण खाली लाँचच्या इंजिनखोलीत इंजिनबाबा एका मेलेल्या माणसाशी बोलत होते.

तो माणूस ही लाँच चालवायचा. वर्षापूर्वी तापाने गेला. मग त्याची बायको सुकाणूवर उभी राहिली. तेल बदलणं, गाळणी धुणं, पट्टा ताणणं ती त्याच्याकडूनच शिकली होती. उरलेलं तिने इंजिनाच्या पुस्तकातून वाचून काढलं. पण तीन आठवडे झाले, इंजिन रोज ऐन मधल्या पाण्यात बंद पडत होतं. लाँच प्रवाहात भरकटे आणि प्रवासी एकमेकांना घट्ट धरून बसत. तिने गाळणी बदलली, नळ्या सोडून पुन्हा बसवल्या. काही सापडेना. शेवटी सासूने बाबांना आणलं.

"मुलगा इंजिनात बसलाय," बाबांनी निदान केलं. "बायकोने पाना हातात घेतलेला त्याला खपत नाही."

"पाना धरायला त्यांनीच शिकवलं मला," सून म्हणाली.

"मेल्यावर मतं बदलतात," बाबा म्हणाले.

मग त्यांनी डोळे मिटले. "ज्वाला जागो, नोजल नाचो, पिस्टन पावो," असं पुटपुटत डिझेलच्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स असा आवाज आला. गर्दी दोन पावलं मागे सरली. त्यांच्या शिष्याने इंजिनात डिझेल चढवणारा हातपंप मोजून एकवीस वेळा दाबला, कळ फिरवली, आणि इंजिन धडधडू लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा इंजिनात हजर. बाबा म्हणाले, त्याला आईशिवाय करमत नाही. तेव्हापासून सासू रोज जेवणाचं ताट घेऊन इंजिनाशेजारी बसू लागली. "जेवतोस ना रे वेळेवर?" ती विचारायची. बाबा इंजिनाला कान लावून सांगायचे, "हो म्हणतोय. पण मीठ कमी पडलं म्हणतोय." दुसऱ्या दिवशी सासू मीठ जास्त घालायची. सुनेला हसू यायचं, आणि ती तोंड फिरवून गाळणी धुवायला घ्यायची.

मग मुलाने फर्माईश केली. लाँच बाबांच्या मठाला द्या, म्हणजे मी सुटलो. लाँच सासूच्या नावावर होती. शुक्रवारी सही करायचं ठरलं.

गुरुवारी बाबा झाकण सोडत असताना सून शेजारीच वर्तमानपत्राच्या तुकड्याने हात पुसत होती. फुस्स झालं आणि तो तुकडा तिच्या हातातून निसटून झाकणाच्या फटीला चिकटला.

ती बघतच राहिली. भूत बाहेर पडत असेल तर कागद उडायला हवा होता. हा तर आत ओढला गेला. म्हणजे आत हवा कमी पडत होती.

सगळे गेल्यावर तिने टाकीच्या हवेची बारीक नळी धरली आणि ती जिथे बाहेर उघडते तिथपर्यंत गेली. नळीच्या तोंडात गुलाबी साबण ठासून भरला होता. बाबा येण्याआधीही शिष्य रोज याच लाँचने ये-जा करायचा, आणि आता रोज सकाळी लाँच 'शुद्ध' करायला एकटाच यायचा. तिने साबण तसाच राहू दिला.

शुक्रवारी तिने बाबा, शिष्य, सासू आणि धक्क्यावरचे दहा-बारा जण लाँचमध्ये घेतले. ठरल्या जागी इंजिन बंद पडलं. तिने आधी नांगर टाकला.

"बाबा, आज झाकणाला हात न लावता मंत्र म्हणा."

"झाकण म्हणजे त्याचं दार आहे, बाई."

"भुताला दार कशाला लागतं?"

बाबांनी मंत्र म्हटला. मग मोठ्याने म्हटला. नोजल नाचेना, पिस्टन पावेना. तासाभराने आवाज बसला, तेव्हा ते खुणेनेच पाणी मागू लागले.

सून काठावरून वाकली आणि स्क्रूड्रायव्हरने साबण उकरून काढला. नळीतून फुस्स झालं. तिने हातपंप दाबला, कळ फिरवली, इंजिन सुरू झालं. मंत्र कोणी म्हटला नव्हता.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही," ती लोकांना म्हणाली. "हवा आत जायला दुसरं भोक लागतं. टाकीचं तेच भोक यांनी बुजवलं होतं. डिझेल ओढता ओढता आत पोकळी व्हायची आणि इंजिन उपाशी राहायचं. झाकण सोडलं की हवा आत शिरायची. बाकी सगळं नाटक."

सासूने साबणाचा तुकडा हातात घेऊन पाहिला.

"म्हणजे तो इथे नव्हताच?"

"नाही, आई."

ती उठून बाबांसमोर उभी राहिली. "वीस दिवस मी माझ्या मुलाशी बोलत होते. त्याच्या नावाने तू उत्तरं दिलीस. लाँच मागितलीस ते एक वेळ सोडून देईन. हे नाही सोडणार."

धक्क्याला लागल्या लागल्या ती सुनेचा हात धरून पोलीस चौकीत गेली. तक्रार तिने स्वतः सांगितली, एकदाही न अडखळता.

इंजिन बंद पडतं त्याला कारण असतं, आणि ते हाताने चाचपून, डोळ्यांनी पाहून सापडतं. कुणी तुमच्या गेलेल्या माणसाचा निरोप आणला, तर रडू आलं तर रडा, पण प्रश्न विचारायचे थांबू नका. दुःखी माणूस प्रश्न विचारत नाही, या एकाच भरवशावर असले बाबा जगतात.