चालू द्या

सगळ्या वर्गाने तिचं नाव सुई ठेवलं होतं, कारण तिच्या कॉलरला कायम एक ओवलेली सुई टोचलेली असायची. त्या दिवशी मात्र ती सुई उपटून खिडकीबाहेर फेकावी इतका तिला वीट आला होता. समोर पैलवान उभा होता. पैलवान म्हणजे वर्गातला सगळ्यात हडकुळा मुलगा. नाव ठेवणाऱ्यांनी दयामाया दाखवली नव्हती. त्याच्या अंगात नाटकमंडळीकडून मागून आणलेला लांब काळा कोट होता, डोक्यावर कानापर्यंत उतरलेली हॅट होती आणि तोंडात कागदाची गुंडाळी करून बनवलेला चिरूट. तो अख्ख्या शहरातल्या गुंडांचा बाप दिसायला हवा होता. दिसत मात्र होता खुंटीला अडकवलेल्या कोटासारखा.

"हॅट जरा तिरकी कर," टोपीवाला म्हणाला. टोपीवाला म्हणजे त्यांचा दिग्दर्शक. घरातही टोपी न काढणारा, आणि सिनेमा म्हणजे टोपीच अशी ठाम समजूत असलेला.

"तिरकी केली की डोळ्यावर येते रे. मला काही दिसत नाही," पैलवान आतून बोलला.

कॅमेरावाली कॅमेऱ्यामागे हसून हसून वाकली. सुईला हसूसुद्धा आलं नाही. हा त्यांचा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. अभ्यासक्रमात एक छोटा गुंडपट करायचा होता आणि गुण तीनच गोष्टींना होते: पोशाख, जागा आणि शैली. पहिल्या खेपेला त्यांनी गोदाम, झुलता दिवा, धूर, पिस्तूल आणि लांब कोट असं सगळं जमवलं होतं. मॅडमनी ते पाहून चष्मा काढला होता. "या गुंडाला बघून मला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "याला घरी नेऊन पोटभर जेवायला घालावंसं वाटतं. परत करा. आणि या वेळी मला पिस्तूल नको, भीती दाखवा." पोशाख आणि जागा दोन्ही सुईच्या गळ्यात होती. म्हणजे नापास झाली असती तर मुख्यतः तीच, आणि वर्ष वाया गेलं तर पुढचं शिक्षण घरात कोणाच्या तोंडाने मागायचं, हा प्रश्न होता.

त्या संध्याकाळी ती कोट खांद्यावर टाकून घरी आली. आई स्वयंपाकघरात रेडिओ लावून भांडी पुसत होती. धाकटी बहीण ओट्यावर बसून शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, आणि आई "पुरे गं बाई, पोट दुखलं" म्हणत डोळे पुसत होती. सुईही टेकली. तेवढ्यात बोळकांडीतून आवाज आला. चट्ट, चट्ट, चट्ट. बाबांच्या घरातल्या रबरी चपला.

आईचा हात रेडिओच्या बटणावर गेला. धाकटी ओट्यावरून उतरली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बाबा दारात आले, गंजीफ्रॉक आणि पायजम्यात, खांद्यावर पंचा. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माठातलं पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्यायले. "चालू द्या," म्हणाले आणि गेले. चट्ट, चट्ट. पुढे काहीही चालू झालं नाही. आई उरलेली भांडी आवाज न करता पुसत राहिली.

सुई मांडीवरच्या काळ्या कोटाकडे बघत बसली. एवढं सोपं होतं तर. इतके दिवस ती उगाच गोदामं धुंडाळत फिरत होती.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाचणारा भलताच समज करून घेईल. या माणसाने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते पाळीचे मुकादम होते. दिवसभर हजारो बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत जायच्या, आणि घरी आल्यावरही त्यांच्या कानात त्या आपटतच असायच्या. मुली लहान असताना आई म्हणायची, "हळू गं, बाबा दमून आलेत." एक-दोनदा ते खेकसलेही असतील, पण कशावरून ते आता कोणाला आठवत नव्हतं. मुली मोठ्या झाल्या, आईने सांगणं सोडलं, पण तो 'हळू' घरात मुक्कामाला राहिला. माणूस नुसता दमलेला होता. पण दमलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून राग ओळखता येत नाही आणि लोभही नाही, म्हणून सगळे आपले रागच असणार असं धरून चालायचे.

दुसऱ्या दिवशी सुईने कोट आणि हॅट परत केली. टोपीवाला हवालदिल झाला. "अगं, मग गुंड ओळखायचा कसा?"

"बाकीच्यांच्या तोंडावरून," ती म्हणाली.

कॉलेजच्या एका बंद खोलीत तिने आपल्या घरातल्यासारखी खोली उभी केली. एक टेबल, त्यावर रेडिओ, घरच्या बाबांच्या खुर्चीसारखी भिंतीला लावलेली एक खुर्ची जिच्यावर दुसरं कोणी बसत नाही, आणि बशीने झाकलेला पाण्याचा पेला. पैलवानाला गंजीफ्रॉक घातला, जुना, काखेत ढगळ झालेला. खांद्यावर पंचा. कोटात जो मुलगा पोरसवदा दिसत होता, तो गंजीफ्रॉकात पन्नाशीचा दिसू लागला. हाडं दिसतात ती अशा वेळी उपयोगी पडतात. बाबांनी ओळखू नये म्हणून तिने हुशारीने बरंच बदललं. पंचा चौकड्यांच्या ऐवजी रेघांचा घेतला, चष्मा दिला नाही, खुर्चीला निराळा रंग दिला. फक्त चपलांचं काही जमेना. बाजारातून आणलेल्या नव्या चपला फरशीवर नुसत्या कुजबुजायच्या. तो आवाज यायला वर्षानुवर्षं टाच झिजावी लागते. शेवटी एका सकाळी तिने बाबांच्याच चपला पिशवीत टाकल्या.

टोपीवाल्याने गुंडासाठी पानभर संवाद लिहिला होता. सुईने तो घडी करून त्याच्याच खिशात ठेवला आणि पैलवानाला दोन शब्द पाठ करायला दिले.

चित्रीकरण एका दमात झालं. टोळीतली पोरं पत्ते खेळताहेत, रेडिओ चालू आहे, कोणीतरी कोणाची तरी नक्कल करतोय. बाहेर चट्ट, चट्ट. एकाचा हात रेडिओकडे जातो. हसणारा ओठ दाबतो. गुंड येतो, पाणी पितो, सगळ्यांकडे एकदा बघतो. "चालू द्या." आणि जातो. मग टोळीतला सगळ्यात आडदांड पोरगा हातातला पत्ता आवाज न होऊ देता खाली ठेवतो. कॅमेरावालीने न सांगता एक जादा तुकडा घेऊन ठेवला: नुसते पाय, अगदी जवळून.

सुईने तो तुकडा जोडणीच्या वेळी पाहिला. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा पडदाभर दिसत होता, आणि तो आईने निळ्या दोऱ्याने शिवलेला. जगात असा शिवलेला अंगठा एकच असणार. "हा काढून टाकू," असं ती म्हणणार होती. पण तुकडा फार चांगला होता, आणि गुण तर हवेच होते. ती दमली होती. तिने तो तसाच राहू दिला.

घरात दरम्यान बाबा चपला शोधत होते. पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं, कपाटामागे काठी घालून पाहिलं. "कोणी टाकल्या का गं?" त्यांनी विचारलं. "बघते हं," सुई म्हणाली आणि तिथून सटकली. पिशवी तिच्या खाटेखालीच होती, पण चपलांचा आवाज अजून नीट ध्वनिमुद्रित करून घ्यायचा राहिला होता, म्हणून तिने त्या दिल्या नाहीत. बाबा अनवाणी फिरत राहिले.

दाखवण्याच्या दिवशी घरच्यांना बोलावत नाहीत, असं तिने घरी ठोकून दिलं होतं. पण कॅमेरावालीने फोनवर आईला मोठ्या प्रेमाने आमंत्रण दिलं, आणि आईने ते बाबांना दिलं. सभागृहात अंधार होण्याआधी सुईने मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत आई आणि धाकटीच्या शेजारी बाबा बसले होते. पाळी बदलून घेतलेली, शर्टाला कडक इस्त्री, हात मांडीवर. मुलीच्या कौतुकासाठी आलेला माणूस जसा ताठ बसतो तसे. पळत जाऊन दिवे लावावेत असं तिला वाटलं, पण टोपीवाल्याने तोवर सुरू केलं होतं.

चट्ट, चट्ट. सभागृह गप्प झालं. पडदाभर चपला आल्या तेव्हा तिने मागे बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. बाबा पुढे झुकले होते. निळा दोरा त्यांच्या चष्म्याच्या काचांत हलत होता. पैलवान "चालू द्या" म्हणाला, कोणीतरी घाबरून खुदकन हसलं, आणि बाबांनी झुकलेलं अंग हळूहळू मागे घेऊन खुर्चीला टेकवलं.

टाळ्या खूप पडल्या. मॅडम तरातरा सुईकडे आल्या. "पास, पास, काय बोलायचंच नाही! पोशाख नाहीच म्हणावा असा पोशाख. मुली, ही भीती आणलीस कुठून?"

बाबा तिच्या मागेच उभे होते.

"तिचं लक्ष असतं," बाबा म्हणाले. "लहानपणापासून."

"तुम्ही वडील का? भाग्यवान आहात हो," मॅडम म्हणाल्या. बाबांनी नमस्कार केला.

घरापर्यंत दोघं चालत आले; आई आणि धाकटी पुढे गेल्या होत्या. बाबा एरवीही बोलत नसत, पण आज ते न बोलणं तिला सोसेना. माफी मागायची, तर नेमकी कशाची? चपला नेल्याची, की दाखवल्याची, की खरं असल्याची? तिला रडू येत होतं आणि रस्त्यावर रडायची लाज वाटत होती.

"तो रेडिओ बंद करतात ना," बाबा एकदम म्हणाले, "ते खरंच होतं आपल्याकडे?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"कारखान्यात मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले, "की माझं घर म्हणजे देवघरासारखं शांत. मला वाटायचं, घर मुळातच शांत आहे आपलं."



घरी आई आणि धाकटी स्वयंपाकघरात सिनेमाबद्दल बोलत होत्या. रेडिओ चालू होता. बाबा कपडे बदलून अनवाणीच तिकडे गेले, आणि आवाज न येता माणूस दारात उभा दिसला म्हणून आई केवढ्याने तरी दचकली. हातातली बशी फुटली. बाबा काचेचे तुकडे वेचायला वाकले, आईने "राहू द्या, राहू द्या, तुमच्या पायात काही नाही" म्हणून त्यांना मागे सारलं. ते खोलीत गेले आणि पलंगावर बसले.

सुईने खाटेखालची पिशवी काढली. चपला पलंगाशी ठेवल्या, सरळ, जोडीने. "बाबा, मी नेल्या होत्या."

"पाहिलं ना मी." त्यांनी डाव्या चपलेच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. "या वाजतात म्हणून तुम्हाला कळतं, मी येतोय ते. हो ना?"

ती पलंगाशीच खाली बसली.

"मग घातलेल्या बऱ्या. उगाच दचकायला नको कोणी." आणि त्यांनी त्या पायात सरकवल्या.

सुई त्यांच्याआधी स्वयंपाकघरात गेली. तोंडावर पाणी मारायचं निमित्त होतं. मागून आवाज सुरू झाला. चट्ट, चट्ट. आज तो जरा हळू होता, पाय उचलून टाकल्यासारखा, म्हणजे त्यांनाही आता तो ऐकू येत होता. आईचा हात बटणाकडे गेला. सुईने तो वरच्यावर धरला. आईने घाबरून तिच्याकडे पाहिलं. हात सोडवून घ्यायला बघितलं. सुईने सोडला नाही. रेडिओवर कोणीतरी बोलतच राहिलं.

बाबा दारात आले. तिघी गप्प, धाकटी ओट्यावरून अर्धी उतरलेली. त्यांचे ओठ सवयीने हलले, 'चा' सुटलाही असेल, पण पुढचं त्यांनी गिळलं. माठाकडेही गेले नाहीत. चौकटीला हात टेकून तसेच उभे राहिले, पाहुण्यासारखे.

"काय लागलंय?" त्यांनी रेडिओकडे बघत विचारलं.

कोणालाच सांगता येईना. इतकी वर्षं तो चालू करणं आणि बंद करणं एवढंच चाललं होतं, ऐकत कोणीच नव्हतं. सुईने भिंतीजवळचा पाट पायाने पुढे सरकवला.

"बसा ना," ती म्हणाली. "आम्हीपण ऐकतो."