फक्कीची रेघ

मी पदवीधर झाले त्या दिवशी कॉलेजच्या गेटमधून फक्कीची एक पांढरी रेघ माझ्यामागे निघाली आणि सहा वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी, चंद्रपूरला माझ्या स्वयंपाकघरात पोचली. रेघेच्या टोकाशी सोपानमामा होते. कॉलेजच्या मैदानावर कबड्डीचे पट्टे आखायचे ते हेच शिपाईमामा. हातात तोच, बुडाला भोकं पाडलेला डबा. त्यांनी माझ्या टाचेशी शेवटची चिमूट टाकली आणि कंबर सरळ केली.

"चालत आलात?" मी विचारलं.

"मग काय? रेघ एस.टी.त बसून मारता येती व्हय?"

रेघ अगदी सरळ होती. कुठेही वळलेली नव्हती. शेजारच्या वानखेडेकाकूंच्या दिवाणावरून, मग भिंतीतून, मग आमच्या गॅसच्या शेगडीखालून आली होती. काकू तिच्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

तीन वर्षांपूर्वी मी घरच्यांना न सांगता भूषणशी लग्न केलं. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तेव्हापासून कोयत्याला धार लावून ठेवली आहे. हे मला आईनेच सांगितलं, तिच्या शेवटच्या फोनवर. "कुठं हायस ते मला सांगू नगंस," ती म्हणाली, "मला खोटं बोलता येत न्हाय." मी सांगितलं नाही. कोणालाच नाही. आणि आता सांगलीकडच्या माझ्या गावापासून माझ्या टाचेपर्यंत सहाशे किलोमीटरची पांढरी वाट तयार होती. त्यात कॉलेजचं गेट आणि माझ्या माहेरचं दार समोरासमोर.

"म्हणजे रेघ माझ्या माहेरच्या घरातून गेलीय?"

"तुमच्या घरातनं चाळीस रेघा गेल्यात. दर साली निघत्यात. कंची कुनाची, तुज्या दादाला काय ठावं?"

दादाला मी ओळखते. त्याला दुसरा उद्योग नाही. आज ना उद्या तो एकेक रेघ चालून बघेल.

मी केरसुणी घेतली. रेघ झाडायला गेले तर फरशी झाडली गेली, खाली मुरूम लागला आणि रेघ मुरमावर तशीच. ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं गेलं. मग मी थांबले. घर भाड्याचं होतं.

कोळेकर मॅडमना फोन लावला. त्यांनी आम्हाला मायक्रोबायोलॉजी शिकवलं. आता त्या माजी विद्यार्थी मागोवा कक्षाच्या प्रमुख आहेत.

"अगं अभिनंदन! सापडलीस तू!"

"मॅडम, मला सापडायचं नाहीये."

"सध्या काय करतेस?"

"पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मॅडम, माझी रेघ पुसा."

"असं कसं? पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला समिती येतेय. समिती कागदावर विश्वास ठेवत नाही गं, चालून बघते."

"या रेघेवरून कोणीही येईल."

"येऊ दे की. संपर्क वाढायलाच हवा."

पत्ता कोणी दिला, हा प्रश्न मला खाऊ लागला. वानखेडेकाकूंना माझं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. लॅबमध्ये मी कोणाशी बोलत नाही. उरला भूषण. तो मामांना दोनदा चहा विचारत होता. अनोळखी माणसाला कोणी दोनदा चहा विचारतं? तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन तपासला. फोनमध्ये काही नव्हतं, त्यामुळे संशय आणखी वाढला.

"तू माझ्यावर संशय घेतेस?" तो म्हणाला.

"हो."

त्याने माझ्या हातातला फोन घेतला. टॉवेल वाळत घालून कामाला गेला.

संध्याकाळी मामांनीच खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पदवीचं प्रमाणपत्र पोस्टाने घरी मागवायचा अर्ज. अक्षर माझं, पत्ता इथला, पिनकोडसकट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी तर चांदण्यात उभी राहून सही केली होती.

"ह्यो येईस्तवर नांदेडात दोन वर्सं उभा हुतो, पत्त्यावाचून," मामा म्हणाले. "अक्षर झ्याक हाय तुजं."

मी भूषणची माफी मागितली नाही. माफी मागायला आधी संशय जावा लागतो. तो कुठे गेला होता?

आठवड्याने मॅडमचा फोन आला.

"एक छोटीशी अडचण आहे. स्थानिक रोजगाराला समिती जास्त गुण देते. तुझी रेघ फार लांब पडते."

"मग?"

"आम्ही ती आखडून घेतोय. तुला काही करायचं नाही."

आमच्याकडेच थांबलेले मामा दुसऱ्या दिवसापासून फक्की परत डब्यात भरू लागले. रेघ उचलायचा अधिकार त्यांचाच. पण जिथली फक्की उचलली तिथली जमीनही जाई. बुधवारी वर्धा नदी गेली. गुरुवारी नांदेड गेलं, शुक्रवारी लातूर. वानखेडेकाकूंचं घर कधी गेलं ते मला कळलंच नाही; त्यांची वाटी परत करायची राहिली. शनिवारी खिडकीतून द्राक्षबागेवर मारलेल्या औषधाचा वास आला. चंद्रपुरात द्राक्षं होत नाहीत. रविवारी आमच्या गावची पाण्याची टाकी दिसली, तिच्यावरचा रंग उडालेला भागसुद्धा.

"निघू या," भूषण म्हणाला. आम्ही एक पिशवी भरली आणि उलट्या दिशेने चालू लागलो. मामा मागून आले. एका हाताने माझ्यामागे फक्की टाकत होते, दुसऱ्या हाताने उचलत होते. भूषण आमच्या कॉलेजचा नव्हता, त्यामुळे त्याचे पाय पुढे जात होते. मी त्याच्या बरोबरीने पावलं टाकत होते आणि तरी तो लांब लांब जात होता. त्याने वळून हात पुढे केला. मीही केला. मग तो बोटाएवढा दिसला, मग दिसेनासा झाला. अर्धा तास चालून मी आमच्याच मोरीपाशी पोचले. तिथे मला रडू आलं. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. तो चांगला माणूस होता आणि मी त्याचा फोन तपासला होता.

मामा पाठीमागे थांबून राहिले. माझं रडणं संपल्यावर त्यांनी पुन्हा हात चालवला आणि शेगडीमागची भिंत गेली.

"चार फूट ऱ्हायली," ते म्हणाले. "मॅडम म्हनत्यात एवढी असू दे, न्हायतर समितीला दिसायची न्हाय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, चपला हातात घेतल्या आणि समोरच्या गेटमधून कॉलेजात निघून गेले.

चार फुटांवर माझं माहेर होतं. दुपारची जेवणाची वेळ. दादा माझ्याकडे पाठ करून पाटावर जेवत होता. त्याच्यापलीकडे, चुलीशी, आई. तीन वर्षांत तिचे केस पार पांढरे झाले होते. तिने मान वर केली आणि मला पाहिलं. तव्यावरची भाकरी करपू लागली तरी तिने ती उलटली नाही.

"भाकरी जळतीय," दादा म्हणाला.

"जळू दे," आई म्हणाली. "तू खा. ताटात बघून खा."

दादाने मान न वळवता पेला धरलेला हात मागे केला.

"पाणी दे."

पाण्याची कळशी माझ्या बाजूला होती. आई उठली असती तर तिच्याबरोबर त्याची नजरही माझ्यापर्यंत आली असती. म्हणून ती बसून राहिली, आणि तिने डोळ्यांनी मला कळशी दाखवली. मी तांब्या बुडवला. एक पाऊल पुढे जाऊन त्याच्या हातातल्या पेल्यात पाणी ओतू लागले. माझ्या बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या मी दुसऱ्या हाताने दाबून धरल्या. पेला भरला. पाणी काठावरून सांडून त्याच्या मनगटावर आलं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, आणि तो अजून बास म्हणत नव्हता.