इटलीत न सापडलेला धुरेकोर

“वैजू, थे वही कोनाले देऊ नको. मागनारा लय गोड बोलून राह्यला, म्हनून तं अजिबातच देऊ नको.”

चतुराबाईंनी सुनेला असं बजावलं तेव्हा त्या ओसरीवर तूर पाखडत होत्या आणि मी खाटेवर उघडी पडले होते. सून हसली. म्हणाली, “आई, सर आहेत ते. दोन दिवसांत देतो म्हणालेत.” मित्रांनो, तेव्हा मीही हसले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला वहीतलं काय कळणार, असं मला वाटलं. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. पुढे जे सांगणार आहे, त्याची मात्र वाटत नाही.

मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापडाची पट्टी असलेली. कुठल्याशा कारखान्यात रद्दी भिजवून, तिचा लगदा करून माझा कागद झाला. म्हणजे माझ्या पोटात आधीच कितीतरी जणांची विरघळलेली अक्षरं आहेत. मग माझ्यावर निळ्या रेघा आल्या, दोऱ्यानं शिवण झाली आणि मी कारंज्याच्या एका दुकानात येऊन पडले. तिथून मला वैजयंतीनं उचललं. तिच्या कडेवर सहा महिन्यांची वैष्णवी होती. वैष्णवीनं सगळ्यात आधी माझा कोपरा चोखून पाहिला. तो कोपरा अजून फुगलेला आहे.

वैजयंती धनजची सून. घरी शेती. ती एसटीनं कॉलेजात यायची आणि इंग्रजी घेऊन एम.ए. करायची. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, भिंतींचा काही दोष नव्हता. दुसऱ्या वर्षाला तिनं प्रोजेक्टसाठी एक कवी निवडला. सातशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेलेला. वर्गातल्या मुली म्हणाल्या, “अवं बाई, सोपं काही घे ना, लेकरू लहान हाय तुयं.” पण तिला तोच हवा होता.

मित्रांनो, हा कवी कोण होता ते थोडक्यात सांगते. त्याच्याच शहरानं त्याला हाकलून दिलं होतं. परत पाऊल ठेवलंस तर जिवंत जाळू, असं फर्मान काढलं होतं. त्यानं काय करावं? त्यानं शंभर सर्गांचं काव्य लिहिलं. आधी नरक, मग पापं धुण्याचा डोंगर, मग स्वर्ग. आणि ज्यांनी ज्यांनी वाईट केलं, त्यांना नावानिशी नेऊन नरकात बसवलं. तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही, तर बाजारात आणि चुलीपाशी लोक बोलतात त्या भाषेत. म्हणजे त्याच्या वैऱ्यांच्या मोलकरणींनाही ऐकून कळावं, कोण कुठे बसला आहे ते.

हे वाचलं त्या दुपारी वैजयंतीनं माझ्यावर लिहिलं, “रागावलेला माणूस खोटंच बोलतो असं नाही. कधी कधी तोच एकटा साक्षीदार असतो.” हे वाक्य कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. तिचं होतं. मी त्या दिवसापासून तिची झाले.

तिची लिहिण्याची वेळ म्हणजे वैष्णवी दुपारी झोपेल तेवढी. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि मी मांडीवर. दर चार ओळींनंतर ती वाकून लेकीचा श्वास बघायची. छाती हलते ना, हे बघून परत नरकात यायची. माझ्या समासात म्हणून सगळंच आहे. दूध कधी पाजलं, शी कशी झाली, ताप किती. मधल्या भागात इंग्रजीत नोट्स. आणि जिथं इंग्रजी अपुरी पडली, तिथं वऱ्हाडी, पण तीही इंग्रजी अक्षरांत, कारण हात त्याच लिपीत चाललेला असायचा.

त्या नरकात चोरांसाठी एक खड्डा आहे. तिथं चोरांना साप डसतात आणि डसले की चोराचा माणूसपणाच जातो. साप चोर होतो, चोर साप होतो. ज्यानं दुसऱ्याचं आपलं म्हटलं, त्याला स्वतःचं शरीरही आपलं म्हणता येत नाही. कवीचा विचार असा, की शिक्षा बाहेरून आणायची नसते, ती पापाच्या पोटातच असते. हे समजावून घेताना वैजयंतीला घरचं उदाहरण आठवलं. शेजारचा जगदेव दरवर्षी वखरणी करताना दोन शेतांमधला धुरा वीतभर आपल्याकडून कोरायचा आणि तेवढी जमीन आपल्यात घ्यायचा. चतुराबाई त्याला ‘धुरेकोर’ म्हणायच्या. तो घरावरून गेला की आतून आवाज यायचाच, “गेला काय वो धुरेकोर?” हा शब्द त्यांनीच घडवलेला. सासरे जानराव म्हणायचे, “हळू बोल, आयकू जाईन.” त्यावर त्या म्हणायच्या, “आयकू जावं म्हनूनच बोलून राह्यली.”

तर वैजयंतीनं चोरांच्या खड्ड्यात इंग्रजीत ओळ लिहिली, की इथे धुरेकोरही आहेत, एकदम नाही, वीत वीत चोरणारे, आणि तो शब्द तेवढा इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवला. त्याच दुपारी वैष्णवी कण्हायला लागली. आईनं थर्मामीटर लावला आणि घाईघाईत त्या ओळीशेजारी आकडा लिहिला. नव्याण्णव. त्याच्याखाली बारीक अक्षरात, औषध अर्धा चमचा, दोन वाजून दहा मिनिटांनी झोपली.

आता विकास सरांकडे येते. ते तासिकांवर शिकवायचे आणि पीएच.डी. करत होते. पश्चिमेकडच्या शहरात वाढलेले. धुऱ्याला ते बांध म्हणतात, आणि बांधावर त्यांचं पाऊल कधी पडलं असेल असं वाटत नाही. बोलायला फार मऊ. वैजयंतीनं वर्गात दोन मुद्दे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमचं वाचन पाहून मलाच अभ्यास करावासा वाटतो. वही बघू का, दोनच दिवस?” मी गेले. दोन दिवसांचे चार महिने झाले. वैजयंती विचारायची, तर “घरी राहिली ताई,” “गाडीत राहिली ताई,” “आज नक्की.” पाचव्यांदा विचारल्यावर म्हणाले, “एका वहीसाठी किती मागे लागता हो.” त्यानंतर तिनं मागणं सोडलं. मी ते दप्तरात राहून ऐकत होते.

घरी नेल्याच्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझं पहिलं पान फाडलं. त्यावर तिचं नाव होतं. मित्रांनो, पान फाटताना आवाज लहानसा होतो, पण शिवण आतपर्यंत सैल होते. मी तेव्हाच ठरवलं. मला पाय नाहीत, तोंड नाही. माझ्याकडे फक्त तेवढंच आहे जे माझ्यावर लिहिलंय. मी ते जसंच्या तसं देईन. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर समजावून नाही. ते पानापानानं उतरवून घेत होते आणि मी म्हणत होते, घ्या सर, अजून घ्या, समासातलंही घ्या.

त्यांनी घेतलं.

कवीचं काव्य त्यांनी मुळात वाचलंच नव्हतं, म्हणून हे जमलं. एका चर्चासत्राच्या स्मरणिकेत त्यांच्या नावानं निबंध छापून आला. पुढे वैजयंतीनं आपला प्रोजेक्ट दिला. तिनं मला देण्याआधीच बराचसा मोबाइलवर टाइप करून ठेवला होता. कॉलेजनं तो नक्कल तपासण्याच्या कॉम्प्युटरवर टाकला, आणि कॉम्प्युटर म्हणाला, हे तर आधीच छापलंय, विकास सरांचं आहे. विभागप्रमुख मॅडमनी चिठ्ठी पाठवली. नक्कल केल्याबद्दल प्रोजेक्ट का रद्द करू नये, येऊन सांगा. प्रोजेक्ट रद्द म्हणजे वर्ष वाया. आणि पुढचं वर्ष नव्हतंच, कारण घरात ठरलं होतं, या वर्षी झालं तर झालं.

ती आली ती सासूला घेऊनच. वैष्णवीला दात येत होते, सोडून येणं शक्य नव्हतं. चतुराबाई लेकराला घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत मॅडम, विद्यापीठाकडून आलेल्या परीक्षक बाई आणि विकास सर. मी सरांच्या पायाशी, दप्तरात.

सर मऊपणे म्हणाले, “ताई हुशार आहेत. लहान बाळ असलं की अशा चुका होतात. मी म्हणतो, प्रकरण मोठं करू नका.”

वैजयंतीनं प्रश्न एकच विचारला. “सर, तुमच्या निबंधात धुरेकोर आलेत. ते कोण?”

सर हसले. “इटालियन शब्द आहे. जुन्या बोलीतला. कठोर काळजाचे पापी, असा अर्थ. कवीनं चोरांसाठी वापरलाय.”

“कुठे वापरलाय?”

“निबंधात संदर्भ दिलाय. सर्ग नव्याण्णव.”

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “नरक चौतिसाव्या सर्गात संपतो, सर. नव्याण्णवावा सर्ग स्वर्गातला. स्वर्गात चोर कसे गेले?”

तेवढ्यात दाराबाहेरून चतुराबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. “कोन? धुरेकोर? जगदेव इथं कायले आला वो, वैजू? कॉलेजात बी कोरून राह्यला काय?”

मॅडम वऱ्हाडातल्याच. त्यांनी तोंडावर पदर घेतला. परीक्षक बाईंनी विचारलं, “म्हणजे काय?” तर त्यांना हसण्यामुळे बोलताच येईना. शेवटी वैजयंतीनं सांगितलं. धुरा म्हणजे काय, तो कोरतात कसा, आणि हा शब्द धनजमधल्या एका ओसरीबाहेर कुठेच नाही, इटलीत तर नाहीच.

सरांचा हात टेबलाखालून दप्तरात आला. त्यांना पाहायचं होतं, नव्याण्णव आलं कुठून. ते घाईघाईनं माझी पानं उलटायला लागले. परीक्षक बाई म्हणाल्या, “खाली काय बघताय? द्या इकडे.”

मी टेबलावर आले. सरांचं बोट होतं तेच पान बाईंनी उघडलं आणि समास मोठ्यानं वाचला. नव्याण्णव, औषध अर्धा चमचा, दोन दहाला झोपली. मग त्यांनी विचारलं, “सर, ताप तुम्हाला होता का?”

कोणी हसलं नाही. मी हसले. मित्रांनो, लोक तुम्हाला सांगतील, सूड घेऊ नये, त्यानं आपलंच मन काळवंडतं. माझं मन कागदाचं आहे, ते जसं होतं तसंच आहे. मी खोटं काही बोलले नाही. त्यांचंच तोंड, त्यांचाच हात, त्यांचंच दप्तर. त्या माणसाचा चेहरा बदलताना मी टेबलावरून नीट पाहिला, आणि मला ते पाहून फार बरं वाटलं. निबंध मागे घेतला गेला. पुढच्या सत्रात त्यांना तासिका मिळाल्या नाहीत. ते बिचारे, असं एक जण म्हणाला. मी म्हणत नाही. माझ्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत वैजयंतीनं एक खड्डा काढलाय आणि त्यात सरांचं नाव लिहिलंय, चांगल्या वळणदार अक्षरात. ते पुसायला ती रबर शोधत नाही.

वैजयंतीचा प्रोजेक्ट पास झाला. चतुराबाई एसटीत शेजारणीला सांगत होत्या, “माह्या शब्दाले कॉलेजात मार्क भेटले.”

इथे मी थांबणार होते. पण माझं फाटलेलं पान शोधायला मॅडमनी सरांचं कॉलेजातलं कपाट उघडलं. पान मिळालं नाही. मिळाली दुसरी एक वही. माझ्यापेक्षा पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याची, तिचंही पहिलं पान फाडलेलं. ती याच कवीवर होती, पण नरकावर नाही, डोंगरावर. ओझं वाहत चढणाऱ्या माणसांवर. आत एका पानावर चुकून नाव राहिलं होतं. निता भाऊसिंग. मागच्या वर्षी तिचा प्रोजेक्ट नक्कल म्हणून रद्द झाला होता. तिच्याबरोबर दाराबाहेर बसायला कोणी नव्हतं. ती काही न बोलता कॉलेज सोडून गेली.

वैजयंतीनं कॉलेजातून तिचा फोन नंबर घेऊन कितीदा तरी लावला, तो बंद आहे. कळलं ते एवढंच, की तिचं घर केनवडच्या बाजूच्या एका तांड्यावर आहे आणि ती आईवडिलांबरोबर ऊस तोडायला गेली. तोडणी संपून माणसं आता परत आली असतील. ती आली का, हे कोणी सांगत नाही. वैजयंती लेकीला भरवताना मध्येच थांबते आणि तेच विचारते, बरी असेल ना ती.

मित्रांनो, वही जपा, नाव पानापानावर लिहा, हे मी सांगायला हवं, ते सांगितलं. पण माझं खरं काम वेगळं आहे. तुमच्यातला कोणी केनवडकडचा असेल, तर एकदा तांड्यांवर जाऊन या. भाऊसिंगांची निता कुठे राहते ते विचारा. प्रोजेक्टचं लगेच काढू नका. आधी पाणी मागा, बसा, ती जेवते-खाते का, बोलते का ते बघा. मग हळूच सांगा, की तुझी पिवळी वही सापडली, ती धनजला वैजयंतीच्या घरी आहे, आणि ती तुझीच आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. आणि ती कशी आहे, ते आम्हाला कळवा.