तणमोराचं वावर

मारेगावच्या आजूबाजूच्या अकरा गावांत धम्मरत्न खोब्रागडे सत्तावीस वर्षं सायकलवरून टपाल वाटत होता आणि जवळजवळ तितकीच वर्षं त्या गावांविषयी लिहीत होता. पत्र हातात दिलं की तो अंगणात टेकायचा, पाणी मागायचा आणि विचारायचा, "तुमच्या वावराचं नाव काय?" प्रत्येक शेताला नाव असायचंच. बिब्याचं वावर, कोल्ह्याची पड, म्हातारीचा टेक. त्या नावामागे एखादं झाड असायचं, एखादं जनावर, नाहीतर कधीच उठून गेलेलं गाव. लोक त्या ओसाड जागेला रीठ म्हणत. रिठावर गवताखेरीज काही उरलेलं नसे, पण धम्मरत्नला तिथं उभं राहिलं की चुलीचा धूर आल्यासारखा वाटे.

हा नाद त्याला आजानं, डोमाजीनं लावला. डोमाजी गावकीचा महार. गावाची शीव कुठून कुठं जाते हे त्यानं सांगायचं आणि पंचांनी मानायचं, अशी रीत होती. छप्पन साली नागपुराहून दीक्षा घेऊन आला तसा त्यानं गावकीची काठी विहिरीत टाकली. पण नातवाला घेऊन तो शिवेवरून हिंडत राहिला. "काठी टाकली बापू, पण डोक्यातली शीव कुठी टाकू?" असं म्हणायचा आणि पक्ष्यांची, गवतांची नावं सांगत चालायचा.

यवतमाळच्या एका पेपरात दर रविवारी धम्मरत्नचा लेख यायचा. मग कापसाची ती वाईट वर्षं आली, कर्जापायी शेतकरी जीव देऊ लागले. रस्त्यानं नागपूर-मुंबईच्या पेपरवाल्यांच्या मोटारी येऊ लागल्या. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात संपादकांनी त्याला बोलावलं आणि फार सौम्यपणे सांगितलं, "खोब्रागडे, सध्या पाखरं नकोत. माणसं मरताहेत. त्यावर लिहा." धम्मरत्न मान हलवून परत आला. ज्यांच्या घरी तो मनीऑर्डरी आणि राख्या पोचवायचा, त्यांच्याच दारात वही घेऊन उभं राहणं त्याला जमेना. पाखरांवर लिहायचीही त्याला लाज वाटू लागली. तीन महिने त्यानं एक ओळ लिहिली नाही.

श्रावण लागला तेव्हा थैलीत त्याच्याच नावाचं एक पोस्टकार्ड निघालं. बोरखेडीच्या विमलताईचं. "नानाजी तुमचे लेख कापून ठेवत होते. एक गोष्ट पाहायची आहे. या."

विमलताईच्या नवऱ्याला, नानाजीला तो ओळखत होता. कमी बोलणारा माणूस, गेल्या दिवाळीच्या आधी पराटीत, म्हणजे कपाशीत, साप चावून गेला. धम्मरत्न दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेला. विमलताईनं चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून बोलू लागली.

"पेपरवाले आलते माह्याकडं. साप चावला म्हटलं तं त्याहीनं वही मिटली अन् गेले. म्हनून तुमाले बलावलं, भाऊ."

"मी काय करू, ताई?"

"वावराच्या त्या टोकाले, जुन्या रिठावर, एक एकर गवत हाय. यायनं थे कधी मोडूच देल्लं नाई. तिथं तणमोर येते म्हने. एवढुसा पक्षी, गवतातून उडी मारते. मी म्हटलं, गवत मोडाचा आळस हाय म्हनून पाखराचं नाव सांगून राह्यले. लय भांडली मी त्याच्यापायी." तिनं चुलीत लाकूड सारलं. "मी कधी जाऊन पाह्यलंच नाई. आता दीर म्हनते, सोमवारी ट्रॅक्टर आनतो. मले एवढंच पाह्याचं हाय, का थे खरं बोलत होते का नाई. एकटीनं जाववत नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. धम्मरत्न बोरखेडीतच उकंडा नावाच्या ओळखीच्या माणसाच्या ओसरीत झोपला होता. धुकं एवढं दाट की पराटीच्या ओळी चार पावलांवर विरघळून जात होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घोंगडं टाकून दोघं बसली. समोर मारवेल आणि कुसळीचं गवत कमरेएवढं, दंवानं वाकलेलं. कुठून तरी बैलाच्या घुंगरांचा आवाज येई आणि जाई. धम्मरत्नला वाटलं, आपण बसलोय ती जागा आजच्या दिवसातली नाही. तणमोर त्यानं स्वतः लहानपणी एकदाच पाहिला होता, डोमाजीच्या खांद्यावरून. पुढं लिहिलं ते सगळं त्या एका आठवणीवर. तो पक्षी आता या मुलखात उरला असेल याची त्याला खात्री नव्हती, पण हे त्यानं विमलताईला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसती पावसाची भुरभुर. विमलताई घरी जाताना म्हणाली, "नसन तं नसन, भाऊ. तुमी कायले कष्टी होता?"

रविवारी धुकं लवकर उठलं. ऊन गवताच्या शेंड्यांवर उतरलं आणि सगळं शेत पाण्यासारखं हलू लागलं. तेवढ्यात गवतातून काहीतरी काळं सरळ वर आलं. कोंबडीएवढं, पंखांवर पांढरं, डोक्यामागे बारीक तुऱ्यासारखी पिसं. पुरुषभर उंच जाऊन क्षणभर तिथंच थांबल्यासारखं झालं, पंखांची खुळखुळ वाजली आणि ते पुन्हा गवतात बुडालं. दोघंही हलली नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा.

विमलताईनं पदर तोंडाला लावला होता. धम्मरत्नला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, अगदी नवी नवरी हसते तशी, आवाज न करता.

"वीस वर्ष," ती म्हणाली. "वीस वर्ष थे सांगत होते, अन् मी भाकर थापत होती."

 धम्मरत्नची वही पिशवीतच राहिली.

सोमवारी सकाळी गोपाल, म्हणजे तिचा दीर, ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा ती धम्मरत्नसोबत धुऱ्यावर आधीच बसलेली होती. गोपाल वाईट माणूस नव्हता. या वर्षी एक एकरही पडीत ठेवणं त्याला पटत नव्हतं, एवढंच. तो म्हणाला, "वहिनी, गवतानं काय होते?"

"बस जरासा."

"माह्यापाशी टाइम नाई."

"तुह्या भावानं वीस वर्ष देल्ली इथं. तू घंटाभर दे."

गोपालनं ट्रॅक्टर बंद केला. धम्मरत्न थोडा दूर सरकून बसला. तासाभरानं गोपालची बिडी बोटांतच विझली होती आणि तो हळूच विचारत होता, "किती डाव उडते हा?"

ट्रॅक्टर रस्त्याकडे वळला. गवत त्या वर्षी राहिलं. पुढच्या वर्षी गोपालनं अर्धं मोडलं, कारण नाइलाज होता आणि विमलताईनंही ते समजून घेतलं. उरलेल्या अर्ध्यात तणमोर आला की नाही, याविषयी दोघांची मतं वेगळी होती.

धम्मरत्ननं मात्र त्याच सोमवारी मारेगावला जाणाऱ्या एसटीतच लिहायला घेतलं. त्यात मरणाचा आकडा नव्हता, नुसतं पाखरूही नव्हतं. बोरखेडीच्या नानाजी नावाच्या माणसानं एक एकर का राखलं, त्या एकराखाली कोणतं गाव झोपलेलं आहे, आणि ते न पाहता त्याची बायको कशी वीस वर्षं भांडली, हे सारं होतं. संपादकांनी लेख दोन आठवडे ठेवून घेतला आणि मग आतल्या पानावर छापला. त्या आठवड्यात मारेगावच्या टपालात धम्मरत्नच्या नावानं एकवीस कार्डं आली. बाभुळगावच्या बाईनं लिहिलं होतं, की तिच्या नवऱ्यानं लावलेलं मोहाचं झाड अजून उभं आहे. मुकुटबनच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, आमचं वावर पाहायला कधी येता.

धम्मरत्ननं सायकलला तेल दिलं आणि मुकुटबन किती लांब पडेल याचा अंदाज घेऊ लागला.