ब्याऐंशीवे पान

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात मी एका पानाचा व माझ्या अपराधाचा वृत्तांत यथाशक्ती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असल्याने भाषेतील उणीव पोटात घालावी.

सन २००४ मध्ये आमच्या धर्मग्रामातील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे संगणकात जतन करण्याचे कार्य आरंभिले गेले. नोंदी पोर्तुगीजमध्ये असल्याने ती भाषा जाणणाऱ्या फ्लॉसीबाई कॅमेरा चालवीत व प्रत्येक बालकाची नोंद मोठ्याने वाचीत. पांढरे हातमोजे घालून पाने उलटण्याची सेवा मजकडे होती. देखरेखीस आमचा शेजारी ॲन्सेल्म बसे. सणाच्या मिरवणुकीत क्रूस धरण्याचा मान जुन्या घराण्यासच मिळतो. तो आमच्याकडे होता आणि ॲन्सेल्मचा त्यावर वीस वर्षे डोळा होता.

"काय रे पीटर, हातमोजे घालून नवरदेव झालास? की बागेतल्या केळीच्या चिकाचे डाग लपवतोस?" तो म्हणे.

"तुझ्या जिभेचे डाग लागतात, म्हणून घालतो."

मग १८९३ ची वही उघडली. वडिलांनी मृत्युसमयी मला एकट्यास सांगितले होते, की आजोबा पेद्रू हे चर्चच्या दारात सापडलेले मूल होते. एक्क्याऐंशीव्या पानावर ऑगस्ट संपला. आजोबांचा बाप्तिस्मा सप्टेंबरातला. मी दोन पाने एकत्र धरून उलटली.

"पीटरदादा, एक्क्याऐंशीवरून एकदम चौऱ्याऐंशी? मधली पानं गायीनं खाल्ली का?" फ्लॉसीबाई म्हणाल्या.

"चिकटली असतील," असे मी असत्य वदलो.

ॲन्सेल्म ताडकन उठला. "चिकटली नाहीत, चिकटवतोयस तू. उलट मागे!"

मी मागे उलटले. फ्लॉसीबाईंचा आवाज खाली आला. "पेद्रू. आईबाप अज्ञात. वाढविण्यास दिले, लोपीस यांचे घर, भुईगाव."

"वा रे जुनं घराणं!" ॲन्सेल्म हसला. "बाई, फोटो नीट काढा हो. मोठा करून मिरवणुकीत लावू."

"तुम्ही गप बसा, नाहीतर बाहेर व्हा," त्या कडाडल्या. मग मजकडे वळल्या. "आणि दादा, तुम्ही? ह्या दोन पानांवर आणखी सहा बाळं आहेत. आजोबांबरोबर त्यांनाही पुरणार होतात?"

मी पानाचा कोपरा सपाट दाबून धरला आणि छायाचित्र निघाले.

सणापूर्वीच्या सभेत ॲन्सेल्मने ती नोंद वाचून दाखविली व क्रूस त्यास मिळाला. मिरवणुकीत त्याने मागे वळून, "पाय उचल, पेद्रू!" अशी मला हाक मारली. लोक हसले. त्याला मी अद्याप क्षमा केलेली नाही आणि हे फादरांनाही सांगितले आहे. परंतु ते पान छायाचित्रात आले, ह्याचा मला खेद नाही.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल वाचकांचा मी ऋणी आहे.

पीटर जुजे लोपीस, भुईगाव