पाचशे पन्नास चौरस सेंटिमीटरचा मी

मी एक जुना पत्र्याचा शंकू आहे. शाळेतल्या गणिताच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर आडवा पडलेला असतो. मित्रांनो, मला पाहून कुणाला विदूषकाची टोपी आठवते, कुणाला भोंगा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं खरं काम वेगळं होतं आणि ते मी कितीतरी वर्षं मन लावून केलं.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारागिराच्या दुकानात झाला. एके दिवशी गणिताच्या बाई काखेत एक उभा गोल डबा घेऊन तिथे आल्या.

"दादा, मला एक शंकू हवाय. तोंड या डब्याएवढं आणि उंचीही डब्याएवढीच. तोंडाची त्रिज्या सात सेंटिमीटर, उंची चोवीस."

कारागिराने चोवीस सेंटिमीटर मोजले ते उतारावरून, कारण नरसाळ्याचं माप तो तसंच घ्यायचा. शंकू डब्यापेक्षा बोटभर बुटका निघाला. तो माझा थोरला भाऊ. बाई हसू आवरत म्हणाल्या, "उंची जमिनीपासून सरळ वर मोजायची हो, उतारावरून नाही." कारागिराने कपाळावर हात मारला. भावाच्या टोकाला भोक पडलं आणि तो तेलाचं नरसाळं होऊन कामाला लागला. माझ्यासाठी नवा पत्रा आला. या वेळी उतार पंचवीस सेंटिमीटर ठेवला आणि माझी उंची बरोबर चोवीस भरली.

वर्गातला माझा पहिला दिवस मला अजून आठवतो. बाईंनी विचारलं, "हा शंकू वाळूने भरून डब्यात ओतला, तर डबा किती वेळा ओतल्यावर भरेल?" सगळा वर्ग ओरडला, "दोन वेळा!" दरवर्षी सगळे दोनच म्हणायचे. मग मुलं मला काठोकाठ भरत, पट्टीने वरची वाळू सपाट करत आणि ओतत. दुसऱ्यांदा ओतल्यावरही डबा वरून रिकामाच राहिला की कुजबुज सुरू व्हायची. तिसऱ्यांदा वाळू डब्याच्या काठाला टेकली की जो गलका व्हायचा, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहायचे. माझं घनफळ डब्याच्या एक तृतीयांश आहे, हे त्या मुलांना पाठ करावं लागलं नाही.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस वाळूचा नव्हता.

एका वर्षी बाईंनी माझ्या वक्रपृष्ठफळाचं सूत्र फळ्यावर लिहिलं. पाय गुणिले त्रिज्या गुणिले तिरकस उंची. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, पण हे आलं कुठून?" बाईंनी आकृती काढली, पुसली, पुन्हा काढली. शेवटी खडू खाली ठेवून म्हणाल्या, "मला येतं, पण तुम्हाला दिसेल असं दाखवता येत नाहीये."

खिडकीजवळ एक मुलगी मान खाली घालून बसली होती. घरात तिला चिमी म्हणत. ती त्याच कारागिराची लेक होती, पण वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीच्या शाळेत मुलं तिला 'टिनपाट' म्हणून चिडवायची, म्हणून इथे तिने वडिलांचं कामच सांगितलं नव्हतं. तास संपल्यावर ती हळूच बाईंजवळ आली.

"बाई, तो उघडला की पंख्यासारखा होतो. मी पाहिलंय. माझ्या बाबांनीच बनवलाय तो."

"अगं, मग वर्गात का नाही बोललीस?"

चिमी बोटांनी माझा काठ चाचपत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. "उद्या बाबांना बोलावू का?" एवढंच म्हणाल्या. चिमीने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कारागीर शेगडी आणि पत्र्याच्या सांध्याला डाग द्यायची सळई घेऊन आला. हात सारखे सदऱ्याला पुसत होता. "मला ते सूत्रबित्र काही कळत नाही, बाई," तो म्हणाला, "माझ्या हाताला जे येतं ते दाखवतो." त्याने तापलेली सळई माझ्या सांध्यावरून फिरवली. कथील वितळलं आणि मी उलगडत गेलो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आता आपण शंकू राहिलो नाही, असंच वाटलं. पण टेबलावर सपाट झालो तेव्हा सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. मी एका मोठ्या वर्तुळाची पाकळी होतो.

"ही वाकडी कड म्हणजे तोंडाचा घेर," कारागीर म्हणाला. "आणि ही सरळ कड म्हणजे उतार. यापुढचं मला नाही सांगता यायचं."

तेवढ्यात चिमी उठली. "मी सांगते," ती म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

तिने फळ्यावर मांडलं. घेर चव्वेचाळीस, उतार पंचवीस. पाकळी म्हणजे शेजारी शेजारी लावलेले बारीक त्रिकोणच, म्हणून तिचं क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे पाचशे पन्नास चौरस सेंटिमीटर. मग सूत्राने काढलं, तेही पाचशे पन्नास! कारागिराला आकडे कळले नसतील, पण लेकीकडे बघताना त्याची सळई शेगडीतच राहून गेली. "बाबा, सळई!" चिमी ओरडली आणि सगळा वर्ग हसला. चिमीही हसली. मग बापाने मला पुन्हा गोल वळवलं आणि लेकीने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. माझा सांधा तेव्हापासून जरा जाड आहे. तो मला फार आवडतो.

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्गात पडदा आला. त्यावर रंगीत शंकू आपोआप भरतात, आपोआप रिकामे होतात. मला कुणी खडूचे तुकडे ठेवायला वापरलं, कुणी दार अडवायला. असंच एकदा दार जोरात आपटलं आणि माझं टोक आत चेपलं. परवा दोन मुलींनी मला शोधून काढलं आणि वाळू भरली. तीनदा ओतूनही डबा काठापर्यंत भरला नाही. "सूत्रच चुकीचं आहे," म्हणत त्या मला ठेवून गेल्या. मित्रांनो, इतकं वाईट मला सांधा उघडतानाही वाटलं नव्हतं.

सूत्र चुकलेलं नाही. मी चेपलो आहे. वस्तू नीट ठेवल्या नाहीत की त्या खरं सांगायच्या थांबतात. म्हणून एवढंच मागतो, वापरून झालं की आम्हाला जागेवर ठेवा, आणि सूत्र खोटं ठरवण्याआधी हातातली वस्तू एकदा निरखून बघा. माझ्या पोटात आता पूर्वीइतकी वाळू मावत नाही, हे खरं. पण माझा पत्रा तेवढाच आहे, त्यातला नखाएवढाही कमी झालेला नाही. आतून एक गोल दांडी घाला आणि तिने टोक हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला ठोका. मी पुन्हा वर येईन.